तळटीप : कवी वसंत बापट

* 'बापट' : कवी विश्वनाथ वामन ऊर्फ वसंत बापट (१९२२–२००२). जन्म कऱ्हाडचा. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगवास. पुढे मुंबईत प्राध्यापकी, 'साधना'चे संपादन, १९९९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. 'बिजली' (१९५२) हा पहिला संग्रह. त्यानंतर 'सेतु', 'सकीना'. पायाला भिंगरी लागलेला हा माणूस. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाबरोबर गावोगाव हिंडला, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर यांच्यासोबत काव्यवाचनाचे फड गाजवले. 'बारा गावचं पाणी' हे त्यांचे प्रवासवर्णन. मुलांसाठी 'चंगामंगा', 'अबडक तबडक', 'आम्ही गरगर गिरकी' लिहिले. या नावांचा ठेकाच असा, की अर्थ विचारण्याआधी मूल ती म्हणू लागते. मूळ मजकुरात कडोलीच्या संदर्भात त्यांचे नाव येते, ते त्या गावी बापट आले होते म्हणून नव्हे. संबंध असा, की बेळगाव तालुक्यातील या गावी दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरते, आणि अशा शहराबाहेरच्या श्रोत्यांपुढे कविता मोठ्याने म्हणायची ही रीत रुजवण्यात बापटांच्या पिढीचा वाटा मोठा आहे. – संपा.