नाल, खोगीर आणि घोंगडी

धाकटी मुलगी परवा राजगडाला जाऊन आली. कॉलेजच्या मुलामुलींबरोबर, एक रात्र गडावर मुक्काम. जाण्याआधी आठवडाभर बारामतीच्या आमच्या घरात सॅक, बूट, स्लीपिंग बॅग आणि तंबू यांच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. मोबाइलवर किमती बघून तिची अम्मी म्हणाली, "एवढ्या पैशात तर लग्नाचा बस्ता होईल."

मला माझा पहिला राजगड आठवला. मीही तेव्हा कॉलेजात होतो. पायात कॅनव्हासचे बूट, अंगात जीन्स, पाठीवर शाळेचं दप्तर आणि वर सुतळीनं बांधलेली रजई. ती आमच्या गल्लीतल्या पिंजाऱ्यानं भरून दिलेली, चांगली दोन-अडीच किलोची. महिना जुलैचा. गुंजवण्यात चहा पिताना बरोबरच्या एकानं विचारलं, "तुमच्यात पण गडावर जातात का रे?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला उत्तर सुचलं नाही. मी हसलो आणि चढायला लागलो.

चोरदरवाज्यापर्यंत पोहोचेस्तोवर रजई इतकं पाणी प्यायली होती की दप्तराचा एक पट्टा तुटला. रात्री पद्मावतीच्या देवळात सगळे झोपले, मी दात वाजवत बसलो. शेवटी ताक विकायला आलेल्या एका धनगर म्हाताऱ्यानं आपली घोंगडी माझ्या अंगावर टाकली. म्हणाला, "कापूस घेऊन पावसात येत नसत्यात, पोरा." त्या घोंगडीला मेंढराचा वास होता आणि ती ओलीही होती. तरी तासाभरात मला ऊब आली.

त्या रात्रीपासून दोन प्रश्न माझ्याबरोबर आहेत. डोंगरात काय न्यावं, हा एक. आणि त्या मित्राचा प्रश्न, हा दुसरा. पुढे इतिहास वाचताना कळलं की दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात.

आमचा मुलूख सपाट आणि कोरडा. एका अंगाला नीरा, दुसऱ्या अंगाला भीमा. इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला त्या एकमेकींना मिळतात. गड बघायचा तर आम्हाला पश्चिमेला जावं लागतं. पण गडांवर जे सामान चढलं, त्यातली एक मोठी गोष्ट इथली आहे. ती म्हणजे भीमथडीचं तट्टू. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. इंग्रजी अमलात या नावाचा तालुकाच होता आणि बारामती त्यात यायची. इथल्या काटक तट्टांचा अरबी आणि तुर्की घोड्यांशी संकर होऊन ही जात घडली. उंचीला बेताची, चाऱ्याला कमी, दगडधोंड्यांच्या वाटेला पक्की. राज्यगीतात या तट्टांचं नाव आहे. आता स्वतंत्र जात म्हणून त्यांची सरकारदरबारी नोंदही झाली आहे.

पण तट्टू कितीही काटक असलं तरी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर नालेशिवाय त्याचं खूर टिकत नाही. इथे आमचं घर येतं. माझे आजोबा, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, नालबंद होते. आठवडी बाजारांत बैलांना आणि तट्टांना नाली ठोकायचे. घोड्याला अखंड नाल, बैलाचं खूर दुभंगलेलं म्हणून त्याला दोन पत्र्या. आधी खूर तासायचं, मग लोखंड ठोकून खुराच्या आकाराचं करायचं, मग खिळे. खिळा जिवंत भागाला लागला की जनावर लंगडलंच. दादांचं एक वाक्य घरात अजून बोललं जातं: "नाल खुर के वास्ते है, खुर नाल के वास्ते नहीं."

अरबीत 'नअल' म्हणजे पायताण. आपली नाल त्यातूनच आली. बूट घेताना मी मुलीला दादांचं वाक्यच सांगितलं. संध्याकाळी जा, कारण दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. गडावर घालणार तेच मोजे घालून बघ. पुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. तळव्याची नक्षी खोल हवी आणि रबर मऊ हवं, कारण ओल्या पाषाणावरचं शेवाळ कडक तळव्याला दाद देत नाही. आणि नवे बूट थेट गडावर न्यायचे नाहीत. आधी आठवडाभर गावात वापरायचे.

दुसरा शब्द खोगीर. हा फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ घाम टिपणारं, म्हणजे जनावराच्या पाठीवर जिनाखाली घालायची गादी. ओझं पाठीला घासू नये म्हणून ती असते. सॅकच्या पाठीकडची गादी आणि कमरेचा पट्टा नेमकं हेच काम करतात. भार खांद्यावर लटकू नये, कमरेवर बसावा. जड वस्तू पाठीलगत आणि मधोमध ठेवावी, हे तट्टावर गोणी लादणाऱ्याला न शिकवता कळायचं. गोणी एका बाजूला कलली की घाटात जनावर दरीत जायचं. आणि खोगिरात काहीबाही कोंबलं तर त्याला आपण खोगीरभरती म्हणतो. मुलीच्या सॅकमधून मी हेअर ड्रायर, दोन जादा जीन्स आणि काचेची लोणच्याची बाटली काढली. ती फुगून बसली, ती गोष्ट वेगळी.

खोगीरभरतीचा सगळ्यात मोठा धडा मात्र मोगल छावणीनं दिला. फ्रेंच वैद्य बर्निये 1660 च्या दशकात बादशहाबरोबर दिल्लीहून काश्मीरला गेला. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असायचे. एकात मुक्काम, तोवर दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा. याला पेशखाना म्हणत. तो वाहायला साठाहून अधिक हत्ती, 200 उंट, 100 खेचरं आणि 100 हमाल लागत, असं बर्निये लिहितो. त्याची स्वतःची यादी बघा: मध्यम तंबू, सतरंजी, चार हलक्या वेतांची घडीची खाट, दुहेरी घडी घातली की गादी होणारं पांघरूण, चामड्याचा दस्तरखान, पाच-सहा दिवसांचा तांदूळ, बडीशेपेच्या चवीची बिस्किटं, लिंबं, साखर आणि दही टांगायला कापडी पिशवी. यातलं बरंचसं आजच्या ट्रेकरच्या यादीतही शोभेल.

त्याच डामडौलात औरंगजेब दख्खनेत आला. इंदापूरच्या कडेनं वाहणारी आमची भीमा पुढे मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला जाते. तिथे 1695 पासून चार वर्षं त्याचा तळ होता. 1699 मध्ये साताऱ्याकडे निघताना जड सामान त्यानं तिथेच ठेवलं. तरी बरोबरचं ओझं डोंगराला झेपणारं नव्हतं. 1700 च्या पावसाळ्याअखेर माण नदीकाठी खवासपूरला रात्री पूर आला आणि छावणी पाण्याखाली गेली. त्या गोंधळात बादशहाचा गुडघा कायमचा अधू झाला. 1702 च्या जूनमध्ये विशाळगड घेऊन फौज भर पावसात परत फिरली. तीस मैलांच्या आसपासचं अंतर कापायला महिन्याहून जास्त लागला. ओढे फुगले, उंट चिखलात बसले ते उठले नाहीत, तंबू मागे राहिले. गड बादशहाच्या नावावर जमा झाला. पण चिखलात मेले ते उंटवाले, हमाल, भिश्ती. त्यांत सगळ्या धर्मांची माणसं होती. सामान निवडणारा एक आणि वाहणारा दुसरा असला की असं होतं.

धनगराचं उलट. बारामती, फलटणकडचे धनगर पावसाळा संपला की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि पुढच्या पावसाआधी परततात. सगळा संसार एक-दोन तट्टांवर. घोंगडी हे त्यांचं अंथरूण, पांघरूण आणि खोळ केली की रेनकोट. चिंचोक्याची खळ दिलेली ही जाडी लोकर पाऊस बराच वेळ अडवते आणि भिजली तरी ऊब धरते. कापूस तसं करत नाही. म्हणून आजही नियम तोच: अंगालगत कापूस नको, झटपट सुकणारं कापड हवं. वर लोकर किंवा फ्लीस, त्यावर पाणी अडवणारं. झोपायचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधायचे.

आणि विस्तव जपायचा. शिवाजी महाराजांचं 1670 च्या दशकातलं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं. गवताजवळ चुली मांडू नका, वाऱ्याचं भान न ठेवता चिलमी ओढू नका, रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात पळवेल आणि चारा जळेल. रयतेच्या काडीलाही हात लावू नका, हेही त्यात आहे. गडावर तंबूत स्टोव्ह पेटवणाऱ्या आणि दुसऱ्याच्या शेतातली लाकडं उचलणाऱ्या प्रत्येकानं हे पत्र वाचावं.

आता त्या मित्राच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या मोहल्ल्यातली आडनावं आणि बिरादऱ्या आठवून बघा. नालबंद, पखाली, पिंजारी, शिकलगार. घोड्याच्या पायाखालचं लोखंड, मुक्कामावरचं पाणी, अंथरुणातला कापूस, हत्यारांची धार. डोंगरातल्या प्रवासाच्या सामानाची ही अर्धी यादीच आहे. उरलेल्या अर्ध्यात धनगर, चांभार, लोहार, सुतार येतात. माझ्या पणजोबांच्या पणजोबांनी कुणाच्या घोड्याला नाल ठोकली याचा कागद माझ्याकडे नाही आणि मी तसा दावाही करत नाही. पण गडावर गेलेल्या घोड्यांना कुणीतरी नाली ठोकल्याच होत्या.

मुलगी परत आली ती चिखलानं माखून. पाय शाबूत, नखं शाबूत. मी विचारलं, "कुणी काही विचारलं का?" तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "हो, बूट कुठून घेतले ते विचारत होते."