वतन सोडून गाण्याकडे : पठ्ठे बापूराव आणि लोकगायकाच्या पोटाचा प्रश्न

१/१७
पाटण तालुक्यातील बनपुरीस दर चैत्रात नाईकबाची यात्रा भरते. सातारा-सांगलीच्या मुलखातील तमाशाचे फड अशा यात्राजत्रांवरच पिढ्यान्‌पिढ्या पोसले गेले. आज याच खोऱ्यातील एखादी तरुणी स्वतः गाणे रचते, स्वतः चाल लावते, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करते आणि कोणत्याही कंपनीवाचून लोकांपुढे ठेवते. तिला आपण ‘स्वतंत्र कलाकार’ म्हणतो. शब्द नवा आहे, पेशा मात्र जुना आहे. आजचा थ्रेड त्या पेशाच्या इतिहासाविषयी.

२/१७
पाटणवरून वाहत आलेली कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते. तेथून कृष्णेच्या काठाने खाली गेले की रेठरे हरणाक्ष हे गाव लागते. आज ते सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात आहे. पूर्वी हा सारा प्रदेश सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये त्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि पुढे त्यालाच सांगली हे नाव मिळाले.

३/१७
या रेठऱ्यात ११ नोव्हेंबर १८६६ रोजी श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. घराण्याकडे गावचे कुलकर्णीपद होते. पाटील गावाचा कारभार पाही, कुलकर्णी त्याचे दप्तर सांभाळी. जमिनीचा हिशेब, वसुलीच्या नोंदी, कागदपत्रे हे त्याचे काम. हे पद वतनी असल्याने बापामागून मुलाकडे येई. म्हणजेच पोटाची चिंता जन्मापूर्वीच मिटलेली असे.

४/१७
श्रीधरपंतांस मात्र ओढ होती ती ढोलकी-तुणतुण्याची. त्या काळी तमाशा प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील कलावंतांच्या हाती होता. ब्राह्मण कुळातील तरुणाने गावकुसाबाहेर जाऊन फडात बसणे हा जातीच्या दृष्टीने अक्षम्य अपराध होता. त्यांनी तो केला. आधी फडांसाठी लावण्या रचल्या, मग कुलकर्णीपणावर पाणी सोडून ते स्वतःच बोर्डावर उभे राहिले.

५/१७
रामजोशी हेही ब्राह्मण कुळातील लावणीकार. परंतु ते पेशवाईतले. त्यांच्या काळी शाहिराला दरबाराचा आणि सरदारांचा आश्रय मिळू शकत असे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तो आधार तुटत गेला. काही संस्थानिकांनी कलावंतांची कदर केली, हे खरे. कोल्हापुरात शाहू महाराजांपुढे बापूरावांनी ‘मिठाराणी’चा वग सादर केला होता. तथापि रोजची भाकरी राजाकडून नव्हे, गर्दीकडून मिळवावयाची होती.

६/१७
ती गर्दी दोन ठिकाणी होती. एक गावोगावच्या जत्रांत, दुसरी मुंबईत. गिरण्या आणि गोदीसाठी घाटावरची माणसे मुंबईस लोटत होती. सातारा जिल्ह्यातील कितीतरी घरांचा एक पाय शेतात आणि एक पाय गिरणगावात असे. या कष्टकऱ्याला मुंबईत आपल्या गावची ढोलकी ऐकण्यास तिकिटाचे पैसे मोजणे जड वाटत नसे. लोकगायकाचा ‘बाजार’ खऱ्या अर्थाने येथे उभा राहिला.

७/१७
बापूरावांच्या यशात अर्धा वाटा पवळाबाईंचा होता. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा येथील महार समाजात जन्मलेल्या पवळा हिवरगावकर. फडात पूर्वी नाच्या पोऱ्या स्त्रीची भूमिका करी. स्त्री नर्तकी म्हणून तमाशाच्या बोर्डावर नाव गाजवणाऱ्या पहिल्या पिढीत पवळाबाईंची गणना होते. बापूरावांचे शब्द आणि पवळाबाईंची अदा यांनी मुंबई आणि महाराष्ट्र गाजवला.

८/१७
येथे थोडे थांबावयास हवे. बापूरावांनी वतन सोडले, सोवळे सोडले, याचे कौतुक आपण करतो आणि ते योग्यच आहे. पण पवळाबाईंपाशी सोडण्यासारखे वतनच नव्हते. एकाचे बंड ‘त्याग’ ठरले. दुसरीचे कर्तृत्व मात्र बव्हंशी रूपाच्या आख्यायिकांत अडकून पडले. बापूरावांनी देऊ केलेली आर्थिक मदत डॉ. आंबेडकरांनी नाकारली, कारण ती महार स्त्रीला नाचवून मिळवलेली होती, अशी हकिकत सांगितली जाते. बापूरावांचा इतिहास या प्रश्नासकटच वाचला पाहिजे.

९/१७
आता पैशाचा हिशेब पाहू. फडाला उत्पन्न तीन वाटांनी मिळे. सुपारी म्हणजे कार्यक्रम ठरवताना मिळणारी रक्कम, तिकीट, आणि दौलतजादा म्हणजे खूश झालेल्या प्रेक्षकाने उधळलेले पैसे. या तिन्ही वाटा त्या रात्रीच्या खेळाच्या आहेत. गाणे रचल्याचे मोल यांत कोठेच नाही. ढोलकी वाजली तर चूल पेटणार. पावसाळ्यात जत्रा बंद, आणि त्यांबरोबर उत्पन्नही बंद.

१०/१७
मग रचनाकाराची ओळख टिके कशी? त्यासाठी शाहिरी परंपरेत ‘छाप’ होती. कवनाच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफी. होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर या साऱ्यांनी ही रीत पाळली. छाप असलेले कवन दुसऱ्या फडाने गायले, तरी कर्त्याचे नाव त्याबरोबर फिरे. गायकाने ते गाळावे तर कडवे मोडे, यमक बिघडे. कवीने आपल्या नावाला कवनाच्या बांधणीतच जागा करून ठेवलेली असे.

११/१७
‘पठ्ठे बापूराव’ हीसुद्धा छापच. वतनाच्या कागदांतील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी आज किती जणांस आठवतात? इतिहासाने त्यांना गाण्यातील नावानेच ओळखले. दोन लाख लावण्या केल्याचे त्यांनी स्वतः एका रचनेत म्हटले आहे. तो आकडा शब्दशः घेऊ नये. शाहिरी अभिमानाचा तो भाग. त्यांचा गण मात्र आजही फडांत ढोलकीवर उभा राहतो.

१२/१७
छापेने नाव राखले, पैसा राखला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात स्वामित्वहक्काचा कायदा १९१४ मध्ये आला होता. पण लावण्या बाडांत लिहिलेल्या आणि कलावंतांच्या मुखी वसलेल्या असत. गावोगावच्या राहुटीत कोण कोणाचे गाणे गातो, याची नोंद ठेवणारे कोणी नव्हते आणि फिरत्या फडाला कोर्टकचेरी परवडणारी नव्हती. पवळाबाईंची साथ सुटली, फडाची घडी विस्कटली आणि उत्पन्नाचा झरा आटला. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात बापूराव वारले, ते हलाखीत. त्यांच्या लावण्यांचे संग्रह १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आले.

१३/१७
त्याच वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी दुसरी वाट धरली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. येथे आश्रयदाता ना राजा ना तिकीट. गाण्यामागे कामगार चळवळ उभी होती. अण्णा भाऊंना विशाल श्रोता लाभला, पुस्तके निघाली, चित्रपटही झाले. तरीही १८ जुलै १९६९ रोजी त्यांची अखेर झाली ती दारिद्र्यातच.

१४/१७
तिसरी वाट कृष्णेच्या वरच्या अंगाची. वाईजवळच्या पसरणीत ३ सप्टेंबर १९२३ रोजी कृष्णराव साबळे, म्हणजे शाहीर साबळे, यांचा जन्म झाला. त्यांनी एकाच आधारावर भार टाकला नाही. ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ हा स्वतःचा संच, ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, ‘यमराज्यात एक रात्र’ आणि ‘आंधळं दळतंय’ यांसारखी मुक्तनाट्ये, पुढे ‘महाराष्ट्राची लोकधारा’. एक वाट बंद झाली तर दुसरी खुली राहावी, अशी ही रचना होती. १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी ते निवर्तले.

१५/१७
ध्वनिमुद्रिकेने छापेचे स्वरूपही बदलले. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे, आवाज साबळे यांचा. एका कडव्यातील एका नावाची जागा तबकडीवरील तीन नावांनी घेतली. हेच गीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले. साबळे यांच्या सुरुवातीच्या काही गाण्यांच्या कवयित्री होत्या त्यांच्या पत्नी भानुमती. गाजलेल्या आवाजामागचे असे नाव शोधून काढणे, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याचेच काम.

१६/१७
कायदा हळूहळू गाण्यापर्यंत पोहोचला. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा, आणि २०१२ ची दुरुस्ती, जिने चित्रपटगीतांचे हक्क निर्मात्याकडे गेले तरी गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा अबाधित ठेवला. साहित्यकृतीचे संरक्षण आज लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. बापूरावांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या रचनांची ही मुदत २००५ अखेर संपली. त्या लावण्या आता साऱ्या महाराष्ट्राच्या आहेत. त्यांच्या हक्काची जी वर्षे होती, तीत त्यांच्या हाती फारसे काही पडले नाही.

१७/१७
शेवटी एक तारीख. १ मे १९५१ पासून मुंबई राज्यात कुलकर्णी वतने कायद्याने रद्द झाली. ज्या वतनावर पाणी सोडल्याबद्दल बापूरावांस वेडे ठरवले गेले, ते वतन त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षेही टिकले नाही. गाणे टिकले. पण गाणे टिकले म्हणून गाणाऱ्याची उपेक्षा क्षम्य ठरत नाही. पाटण खोऱ्यातील आजच्या त्या गायिकेने बापूरावांकडून गाण्यात नाव गुंफण्याची रीत घ्यावी आणि साबळ्यांकडून चार वाटा खुल्या ठेवण्याची. आणि आपण श्रोत्यांनी गाणे पुढे पाठवताना कर्त्याचे नाव गाळू नये. छापेचा मान राखण्याची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे.