शीघ्र हस्तक्षेप (अर्भके व बालके)

जन्मतः व्यंग असलेली, अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची किंवा वाढीचे टप्पे उशिरा गाठणारी मुले आणि त्यांच्या घरची माणसे यांना पहिल्या तीन वर्षांत दिली जाणारी मदत. फिजिओथेरपी, वाचा-श्रवण उपचार, डोळ्यांची व कानांची तपासणी, भरवण्याच्या पद्धती, खेळ आणि पालकांचे शिक्षण हे सारे तिच्यात येते. बोलताना लोक ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ किंवा नुसते ‘थेरपी’ म्हणतात. निदान पक्के होईपर्यंत थांबायचे नाही, शंका आली की कामाला लागायचे, हे तिचे मुख्य सूत्र. काही मुदती फार तोकड्या असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाची पहिली तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत व्हावी लागते. बहिरेपणाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि श्रवणयंत्र वा अन्य उपचार सहाव्यापर्यंत सुरू व्हावेत, असा संकेत आहे.

या कामाला पुण्यात जुनी परंपरा आहे. के. ई. एम. रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातून 1987 ते 1989 या काळात घरी गेलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी थेट तारुण्यापर्यंत मागोवा घेतला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सामान्य मर्यादेतच होता, पण पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा कमी भरला. अपुऱ्या दिवसांची आणि शिवाय पोटात खुरटलेली मुले सर्वांत मागे होती. ‘बाळ वाचले’ एवढ्यावर रुग्णालयाचे काम संपत नाही, हे इतक्या धीराने दाखवणारे अभ्यास आपल्याकडे थोडेच. मोजमापाची साधनेही इथल्या मातीतली मिळाली. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या बाळांवरून बसवलेली आणि पुढे देशी साहित्य वापरून सुधारलेली ‘डासी’ ही मापनश्रेणी अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी देशभर वापरली जाते.

सरकारी पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे झाली. जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वादींची कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतल्या 30 स्थितींसाठी शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी त्यात होते. नवजात बाळ प्रसूतिस्थानी, सहा आठवड्यांपर्यंतचे घरी आशाताईंकडून आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंतचे मूल अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासायचे, अशी योजना आहे. संशय आलेले मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पुणे जिल्ह्याचे केंद्र औंधच्या जिल्हा रुग्णालयात आहे. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदाही सर्व मुलांची वर्षातून एकदा तरी तपासणी करण्याचे बंधन घालतो. पण त्याच कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. मेंदू सर्वांत वेगाने घडतो ते वय त्याआधीच सरलेले असते.

पवनेकाठचे पुनावळे 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. हिंजवडीच्या शेजारामुळे तिथे इमारती झपाट्याने उठल्या आणि ही व्यवस्था कुठे विरते ते तिथे नीट दिसते. सहा आठवड्यांनंतरची सारी तपासणी अंगणवाडीच्या खुंटीला टांगलेली आहे. उंच सोसायटीतले मूल अंगणवाडीत जातच नाही. ते पाळणाघरात किंवा प्ले-ग्रुपमध्ये वाढते, बालरोगतज्ज्ञाकडे लशीपुरते जाते आणि घरून ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता’ हे ठरलेले उत्तर मिळते. ते उत्तर कधीकधी खरेही असते, म्हणून तर अडचण. दुसरीकडे बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतले मूल इमारतीबरोबर मुक्काम हलवते. दुसऱ्या तपासणीच्या वेळी ते दुसऱ्याच गावी असू शकते. पैसा असलेल्या घराला खाजगी सेशन परवडते, पण आईबापांना रजा मिळत नाही. मजुराला दोन्ही जमत नाही. नोंद घराची नव्हे तर बाळाची व्हावी आणि लसीकरणाच्या कार्डावरच विकासाचे टप्पे तपासले जावेत, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

आठवड्यातला एक तास थेरपिस्टचा, उरलेले सगळे तास घरच्यांचे. त्यामुळे आंघोळ, मालिश, भरवणे, मांडीवरचे बडबडगीत यांतच व्यायाम बसवणे हे चांगल्या केंद्राचे लक्षण मानले जाते. आईला नुसती प्रेक्षक करून बाहेर बसवणारे केंद्र टाळावे. परिणामांबाबत अतिशयोक्तीही टाळावी: अपुऱ्या दिवसांच्या मुलांत बौद्धिक फायदा शाळापूर्व वयापर्यंत टिकलेला दिसतो, हालचालींतला फायदा मात्र त्यामानाने कमी असतो. सेरेब्रल पाल्सी ‘बरी’ करण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे.

बाळ नऊ महिन्यांचे होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, किंवा सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, तर त्याची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही.