कर्जरोखे जळण्यापूर्वी



इतिहासाच्या पुस्तकात '१८७५ सालचे दख्खनचे दंगे' म्हणून एक लहानसा परिच्छेद असतो. सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे लुटली, कर्जाचे कागद जाळले, सरकारने फौज आणली, एवढे वाचून वर्ग पुढच्या धड्याकडे वळतो. 'दंगा' हा शब्द सरकारी दप्तरातला. घराला आग लागल्याचे दप्तराला दिसते. पण आधी पाच महिने गावोगाव काय चालले होते, ते तितके ठळकपणे दिसत नाही. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः त्या पाच महिन्यांबद्दल.

पण आधी कर्ज कसे वाढले ते पाहू. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात इंदापुरापासून जमिनीची नवी पाहणी सुरू झाली ती १८३६ च्या सुमारास. त्या वेळी ठरलेला सारा तीस वर्षांसाठी होता. मुदत भरत आली, आणि नेमक्या त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ ही चार वर्षे विलायतेच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, त्यांनी आपल्या कापसाकडे हात पसरला. भाव चढले. ज्याच्या दारात कोणी उभे राहत नव्हते त्याला सावकार घरी येऊन पैसे देऊ लागला. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास फेरपाहणीचे साहेब नवा आकार घेऊन आले. इंदापूर, भीमथडी, हवेली या तालुक्यांत सरासरी वाढ निम्म्याहून अधिक झाली. काही गावांत तर त्याहूनही पुष्कळ जास्त. तेजीच्या दिवसांतले भाव डोळ्यांपुढे ठेवून सारा ठरला, आणि तो भरायचा मंदीत.

आता सावकाराकडे वळू. सावकारी काही इंग्रजांनी आणली नाही, ती पूर्वीपासून होती. पण पूर्वी सावकाराला गावाची भीड होती, आणि दामदुपटीचा रिवाज होता. म्हणजे व्याज कितीही साचले तरी ते मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचे नाही. शंभराचे फार तर दोनशे. १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. रोख्यावरचा दावा तीन वर्षांच्या आत केला पाहिजे, असा त्याचा अर्थ. हेतू चांगला होता, जुनी कर्जे उकरून काढून कुळाला छळू नये हा. पण झाले उलटे. सावकार दर तीन वर्षांनी रोखा नवा करून घेऊ लागला, आणि साचलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून मांडू लागला.

शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. शंभर रुपये कर्ज, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांचे व्याज ७२, म्हणजे नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी तो २९६ च्या घरात. नवव्या वर्षी ५०९. दामदुपटीने जिथे दोनशेवर रेघ ओढली असती, तिथे पाचशे, आणि मधल्या काळात कुळाच्या हातात एक नवा पैसाही पडलेला नाही. हे माझे नमुन्याचे उदाहरण झाले. पुढे चौकशी झाली तेव्हा शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे प्रकरणही सापडले. कुळाला वाचता येत नसे. कागदावर काय आहे ते सावकार सांगे, कुळ अंगठा उठवी. दावा झाला की मुनसफ कोर्ट कागद पाहून हुकूमनामा देई. आणि कोर्टाला गावाची भीड नाही!

डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातले कर्डे गाव. तिथल्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांच्या कर्जाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे राहते घर पाडायला घेतले. ध्यानात घ्या, हे देशमुख. गावातला अगदी गरीब माणूस नव्हे. त्यांच्या घराची ही गत, तर आपल्या छपराचे काय, असे प्रत्येकाच्या मनात आले असेल तर नवल नाही.

गावाने त्या वेळी सावकाराच्या अंगाला हात लावला नाही. गावाने त्याचे काम बंद केले. न्हावी त्याची हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना, घरगडी कामावर येईना. दुकानात कोणी माल घेईना. काठी न उगारता पेठेतला धनी एकटा पडला. ही बातमी बाजारकऱ्यांबरोबर गावोगाव गेली आणि जिथे गेली तिथे लोक चावडीवर, देवळात जमू लागले. बोलणे नुसते हवेत राहू नये म्हणून लेखी करार होऊ लागले. त्यांना समापत्रे म्हणत. सावकारांची शेती करायची नाही, त्यांच्या घरी चाकरी करायची नाही, न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार यांनी त्यांचे काम करायचे नाही. आणि जो हे मोडील त्याला गावाने व जातीने दूर ठेवायचे, असा त्यांचा आशय. मला यात एक गोष्ट फार लक्षणीय वाटते. ज्या कागदाने त्यांना गळ्याएवढे बुडवले होते, त्याच प्रकारचा कागद, सह्या-अंगठ्यांसह, त्यांनी आता स्वतःसाठी लिहून घेतला.

या समापत्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बलुतेदाराला निवड फारशी नव्हतीच. सावकाराचे काम केले तर गाव वाळीत टाकणार, न केले तर ती मिळकत गेली. आणि वाळीत टाकण्याचे हेच हत्यार पुढे गावांनी गरिबांवरच चालवले. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर अस्पृश्य बांधवांना ज्या बहिष्काराला तोंड द्यावे लागले, त्याची पद्धत यापेक्षा काही निराळी नव्हती. शिवाय १८७५ चा राग मुख्यत्वे बाहेरून आलेल्या मारवाडी व गुजर सावकारांवर निघाला. ब्राह्मण व इतर स्थानिक सावकार, व्याज तेच घेत असले तरी, पुष्कळ ठिकाणी वाचले. अन्याय व्याजात होता, पण लोकांनी तो माणसाच्या मुलखावरून ओळखला. ही उणीव झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१८७५ च्या आरंभी सरकारने साऱ्याबाबत थोडी सवलत दिली. थकबाकीसाठी जमीन विकण्यापूर्वी आधी जंगम माल विकावा, असे ठरले. पण आजवर कुळाच्या वतीने सारा भरणारा सावकार यामुळे हात आखडून बसला. जमीन लगेच जात नाही, मग आपण पैसे कशाला भरायचे? उन्हाळा तोंडावर, कोठारात दाणा नाही, आणि पत बंद.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातले, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातले सुपे या बाजाराच्या गावी लोकांचा बांध फुटला. दुकाने लुटली गेली, चोपड्या आणि रोखे रस्त्यावर आणून जाळले. चोवीस तासांच्या आत चौदा मैलांवरच्या दुसऱ्या गावात एका बड्या सावकाराचे घर पेटले. मग पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मिळून तेहतीस ठिकाणी असे प्रकार झाले. लोकांत एक वदंता पसरली होती, की कोणा मारवाड्याने एका इंग्रज साहेबालाही असेच लुबाडले, त्याने राणीकडे अर्ज केला, आणि रोखे परत करावेत असा हुकूम विलायतेहून सुटला आहे! हुकूम आहे या समजुतीने माणसे निर्धास्त झाली.

पण या जमावांना पाहिजे होते काय? रोखे. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तिथे बहुधा कोणाला इजा झाली नाही. जिथे नाही म्हटले तिथे घरे पेटली. एका ठिकाणी सावकाराचा पाय मोडला, पण असे प्रसंग फार थोडे. पोलीस आले, फौज आली. ९५१ लोकांना पकडले, त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाली.

चौकशीसाठी समिती बसली. तिचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. त्याआधीच, १८७६ पासून, दख्खनवर तो भयंकर दुष्काळ कोसळला होता. १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. मुनसफाने नुसता रोखा पाहून हुकूमनामा द्यायचा नाही. कर्ज मुळात किती होते, कसे वाढले, हे पहिल्यापासून तपासायचे. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिली नसेल तर ती कर्जापायी विकायची नाही. रोखा गावच्या नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे लिहायचा, आणि पैसे फेडल्याची पावती मागण्याचा हक्क कुळाला.

सावकारही काही हात जोडून बसले नाहीत. कर्ज देताना रोख्याऐवजी ते जमिनीचे खरेदीखतच करून घेऊ लागले, 'पैसे फेडलेस की जमीन परत' असे तोंडी सांगून. चावडीवर पुन्हा माणसे जमू लागली, पुन्हा कोर्टात खटले उभे राहिले, आणि या वेळी वाद असा की कागदावर 'विक्री' असले तरी व्यवहार गहाणाचा होता. कायद्याने पुढे तोंडी पुराव्याची ती वाटही कुळाला मोकळी करून दिली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा यायला १९०४ साल उजाडावे लागले.