वायपरच्या मोटरवर हलणारे देव

उधना-लिंबायतच्या मंडपांत राक्षसावर गदा उगारणारा मारुती पाहून लहान मुले आजही थबकतात. ती गदा उचलणारी मोटर मात्र बहुधा भंगारातल्या एखाद्या गाडीच्या वायपरची असते.

लोकमान्यांनी १८९३ पासून उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा पुतळा हलवायचा तर पडद्यामागे दोरी ओढणारा माणूसच हवा होता. सुरत इलेक्ट्रिसिटी कंपनी १९२० ची. घरोघरी वीज आल्यावर पट्ट्यावर चालणाऱ्या २३० व्होल्टच्या मोटरी मंडपात आल्या. भाद्रपदातला पाऊस, ओले बांबू, लोखंडी अँगल आणि सोललेली तार! त्या काळी मोटरीला हात लावताना छातीत धडधड होई.

वायपरचा जन्म परदेशातला. अमेरिकेत मेरी अँडरसन यांनी १९०३ मध्ये हाताने फिरवायच्या वायपरचे पेटंट घेतले. बॉश कंपनीने १९२६ मध्ये तो विजेवर चालवला. त्याची मोटर बारा व्होल्टची, आत वर्म गिअर, त्यामुळे फेरे मिनिटाला जेमतेम चाळीस-पन्नास पण जोर दांडगा. शिवाय बटण बंद केले तरी पाते ठरल्या जागीच थांबावे म्हणून आत एक वेगळा संपर्क असतो. मारुतीचा हात अर्ध्यावर लोंबकळत राहत नाही, ही त्याचीच कृपा. खानदेशातून ताप्ती लाईनने येऊन यंत्रमागांवर लागलेल्या आपल्या माणसांना गिअर आणि क्रँक नवे नव्हतेच.

खरी गोम दिशा बदलण्यात आहे. जुन्या मोटरींत चुंबकही तारेच्या वेटोळ्याचे असे. दोन्ही तारा उलट केल्या तरी ती त्याच दिशेने फिरे. पुढे कायम चुंबकाच्या मोटरी आल्या आणि सहा पिनांच्या स्विचने तारांची अदलाबदल केली की हात मागे येऊ लागला. पण गाडीत बॅटरीचे ऋण टोक म्हणजे गाडीचा सांगाडाच, म्हणून अनेक मोटरींत ते कवचाला जोडलेले असते. अशा दोन मोटरी एकाच अँगलवर बसवून एकीच्या तारा उलट केल्या, की अँगलमधूनच शॉर्ट होते. आमच्या देखाव्यात एकदा नेमके हेच झाले. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण शॉर्ट झालेली बॅटरी शेकडो अँपियर ओतते. तारेचे आवरण वितळून थर्माकोलपर्यंत धूर गेला. तेव्हापासून मोटरीखाली लाकडी फळी, बोल्टला प्लॅस्टिकची नळी आणि बॅटरीच्या टोकाशीच दहा अँपियरचा फ्यूज.

बाकी तक्रारी साध्या असतात. मोटर नुसती गुणगुणते? बहुतेक वेळा कोणीतरी एलईडी पट्टीचा दोन अँपियरचा अडॅप्टर लावलेला असतो. हात जड चालतो? तार लांब आणि बारीक आहे. २३० व्होल्टमधले दोन वाटेत गळाले तर कळतही नाही, बारामधले दोन गेले तर सहावा हिस्सा गेला. मोटर चालू असताना तिच्याच टोकांवर मीटर लावून पाहावे.

विसर्जनाच्या ट्रकवर मात्र वेगळी बॅटरी न्यावी. ट्रकच्या दोन बॅटऱ्या मिळून बहुधा २४ व्होल्ट असतात, आणि त्यावर मारुती गदा उगारत नाही, गरागरा फिरवतो.