मागल्या बाकावरचा पहिला दिवस

छात्राध्यापकाचा शाळेतील पहिला दिवस शिकवण्याचा नसतो, पाहण्याचा असतो. हाती कोरी निरीक्षणवही घेऊन तो मागल्या बाकावर बसतो. मुले दोन-चार वेळा मागे वळून पाहतात, मग त्याला विसरतात. विद्यमान नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमातील वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत जातात. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. त्यांची सुरुवात अशा गुपचूप बसण्याने होते. शाळांच्या इतिहासात मात्र या बसण्याने मोठ्या उलथापालथी घडवल्या आहेत.

त्यातली एक बंगळुरूहून फार दूर नसलेल्या मद्रासेत घडली. एग्मोर येथे १७८९ मध्ये सुरू झालेल्या मुलांच्या अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल एके सकाळी घोड्यावरून फेरफटका मारीत असता त्यांना एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत होती. बेलसाहेबांनी हीच रीत आपल्या शाळेत आणण्याचा हुकूम केला. अक्षरवर्गाच्या साहाय्यक शिक्षकाने हे जमणार नाही असे सांगितले. तेव्हा बेल यांनी फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलावर तो वर्ग सोपवला, आणि वर्ग चालला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १७९७ मध्ये लंडनला निघाले, आणि मुलांनीच मुलांना शिकवण्याच्या त्या पद्धतीला ‘मद्रास पद्धती’ हे नाव पडले. आपल्याकडील पंतोजीच्या शाळेतील धूळपाटी ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. गंमत एवढीच, की आपल्याच ओट्यावरची रीत विलायतेची वारी करून, मॉनिटर पद्धतीचे रूप घेऊन, मुंबई इलाख्यात पुन्हा ‘नवी’ म्हणून आली. एल्फिन्स्टनच्या काळात स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने १८२६ च्या सुमारास चोवीस शिक्षक तयार करून जिल्ह्याजिल्ह्यांत धाडले. पुढे १८४५ मध्ये मुंबईत शिक्षक घडवण्याचा ‘नॉर्मल क्लास’ निघाला आणि त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे आली; दुर्दैवाने पुढल्याच वर्षी ते निवर्तले.

पण मराठी मुलखातील सर्वांत फलदायी वर्गनिरीक्षण कोणत्याही अभ्यासक्रमाचा भाग नव्हते. अहमदनगरला सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाई मुलींच्या शाळा चालवीत. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईत उतरल्या आणि १८३९ पासून नगरला राहिल्या. त्या शाळा पाहायला जोतीराव फुले आपले स्नेही सदाशिव गोवंडे यांच्यासह गेले. वय अवघे विशीचे, शिक्षकीचा अनुभव नाही, अधिकाराची चिठ्ठी नाही. वर्गात मुली बसलेल्या, वाचीत असलेल्या. त्यांना शिकवण्याची रीत पाहून जोतीरावांचे समाधान झाले, आणि पुण्यास परतल्यावर १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. मुलींना शिकवावे की नाही, या वादात त्या काळी भरपूर शाई खर्ची पडत होती. नगरच्या वर्गाने तो वाद निदान एका तरुणापुरता निकालात काढला; डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला प्रमाण शोधावे लागत नाही.

शाळा उघडली तरी शिकवणार कोण, हा प्रश्न उरतोच. सावित्रीबाईंना आरंभी जोतीरावांनी घरीच शिकवले. पुढचा अभ्यास सखाराम परांजपे आणि केशव भवाळकर यांनी घेतला. त्यानंतर नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे चरित्रकार सांगतात. या तपशिलाकडे दुर्लक्ष होते. रस्त्यात अंगावर फेकलेला चिखल आणि सोबत नेलेले जास्तीचे लुगडे सर्वांना ठाऊक असते. पण त्या चिखलातून वर्गात पोचणारी बाई प्रशिक्षित शिक्षिका होती, हे सांगायचे राहून जाते. धैर्य वाटेपुरते होते. फळ्यापुढे उभे राहिल्यावर लागतो तो कसब, आणि तो त्यांनी शिकून घेतला होता.

विसाव्या शतकात पाहण्याचेही शास्त्र झाले. अमेरिकेत नेड फ्लँडर्स यांनी वर्गातील बोलण्याचे दहा प्रकार पाडले आणि निरीक्षकाने दर तीन सेकंदांनी एकेक आकडा टिपावा अशी रीत घातली. स्टॅनफर्डहून सूक्ष्म अध्यापन आले. प्रश्न विचारण्याचे कौशल्य, फलकलेखनाचे कौशल्य, स्तुतीचे कौशल्य असे वर्गाचे तुकडे पडले आणि रकाने आखलेले तक्ते छापून निघाले. त्यांचा उपयोग नाकारता येणार नाही. नवख्या नजरेला कुठे टेकावे ते तक्ता सांगतो. त्याचा दोष असा, की नजर बहुतेक वेळ शिक्षकावरच खिळून राहते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ती नजर पार फिरवली. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम करताना त्यांच्या ध्यानी आले, की आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत. तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. रिकाम्या वर्गात बसून टिपण्यासारखे काही नव्हते. जे पाहायचे ते गुरांमागे होते.

बंगळुरूत मराठी वर्गाच्या मागे बसणाऱ्या छात्राध्यापकापुढे निराळाच पेच असतो. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून मराठी या शहरात रुळली आहे, पण शाळेबाहेरचे जग कन्नडचे. शिवाय २०१५ च्या राज्य कायद्याने शाळांत कन्नडही शिकवावी लागते, आणि ते मुलांच्या हिताचेच आहे. अशा वर्गातला एखादा मुलगा “भाकरी चांगलं आहे” असे म्हणतो. नवखा निरीक्षक वहीत ‘लिंगदोष’ लिहून मोकळा होतो. वास्तविक कन्नडात निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. भाकरी काय आणि डबा काय, दोन्हींना ‘अदु’. मराठीने मात्र भाकरीला स्त्री, डब्याला पुरुष आणि ताटाला नपुंसक ठरवून ठेवले आहे, तेही कारण न देता. मुलाने चूक केली खरी, पण एका भाषेचा नियम दुसरीत इमानाने पाळून केली. जाणत्या बाई त्याला थांबवीत नाहीत. “चांगली आहे ना? कोणी केली भाकरी?” एवढेच विचारतात. मुलगा “आईने केली,” म्हणतो, आणि तास पुढे सरकतो. मागल्या बाकावर छात्राध्यापक तक्त्यात या प्रसंगाला रकाना शोधत असतो. तो न सापडल्याने अखेर समासात लिहितो.