मोटारीतला सिगारेटचा वास : विजापूर ते पेठ नाका

१/ साताऱ्याहून सांगलीला निघालेली एखादी जुनी मोटार डोळ्यांसमोर आणा. पहिला मालक सिगारेट ओढणारा होता. आता गाडी दुसऱ्याच्या हाती आली आहे. कराड मागे पडते, पेठ नाक्यावर गाडी महामार्ग सोडून आष्ट्याच्या दिशेने वळते. खिडक्या वाटभर उघड्याच आहेत, तरी मागे बसलेले मूल विचारते, "कसला वास येतोय?" धूर सोडणारा माणूस गाडीत नाही, धूरही नाही. मग हा वास राहतो कुठे? या प्रश्नामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे. 🧵

२/ तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगीजांनी. त्या काळी साताऱ्याचा किल्ला आणि मिरज हे दोन्ही विजापूरच्या आदिलशाहीत होते. चाँदबीबीला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यावरच कैदेत ठेवले होते. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असद बेग विजापुरास आला. तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि रत्नजडित नळीसह ती बादशहासाठी नेली.

३/ अकबराने नळी हाती घेऊन काही झुरके घेतले. मात्र हकिमाने त्याला थांबवले. ज्या वस्तूचे गुणदोष आपल्या वैद्यकात नोंदलेले नाहीत ती बादशहाने घेऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखू ओढण्यावर बंदी घातली. हुकूम विस्मरणात गेला, तंबाखू राहिली.

४/ धूर पाण्यातून गेला की शुद्ध होतो, या समजुतीने गुडगुडी प्रतिष्ठित झाली. वास्तविक पाण्यामुळे धूर प्रामुख्याने थंड होतो. चिलीम किंवा हुक्क्याची नळी साफ करणाऱ्याला मात्र एक गोष्ट नेमकी ठाऊक होती : धूर विरला तरी आत काळपट, चिकट थर उरतो, आणि वास त्या थराचा असतो. पुढे याच कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यापासून निपाणीपर्यंतचा पट्टा विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध झाला.

५/ एकोणिसाव्या शतकातील इंग्रज उमरावांनाही या थराची कल्पना होती. त्यांच्या वाड्यांत धूम्रपानाची खोली वेगळी असे. तिथे जाताना ते मखमली जाकीट आणि टोपी घालत, म्हणजे वास अंगावरच्या कपड्यांत व केसांत मुरू नये. बाहेर येताना तो पोशाख उतरवून ठेवला की काम झाले. पण आसन काही उतरवून ठेवता येत नाही. ही अडचण पुढे आगगाडीत जाणवली.

६/ १८८०च्या दशकात पुणे-मिरज लोहमार्ग झाला आणि सातारा-सांगलीचा प्रवासी अनोळखी माणसांसोबत बंद डब्यात बसू लागला. १८९० च्या रेल्वे कायद्यातील कलम ११० नीट वाचण्यासारखे आहे. धूम्रपानासाठी राखलेला डबा सोडून इतरत्र, सहप्रवाशांच्या संमतीवाचून कोणी धूम्रपान केल्यास २० रुपयांपर्यंत दंड. ताकीद देऊनही न ऐकल्यास रेल्वेचा नोकर त्याला डब्यातून उतरवू शके.

७/ कागदावर कायदा होता, डब्यात धूर होता. १९१७ मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लेख लिहिला. रेल्वेच्या अव्यवस्थेबरोबरच त्यांनी प्रवाशांच्या सवयींवरही बोट ठेवले : वेळ-काळ न पाहता ओढणे, तंबाखू-पान खाणे आणि डब्याची पिकदाणी करणे.

८/ तरीही त्या कलमातला 'संमती' हा शब्द मोलाचा आहे. हवा सर्वांची आहे, म्हणून ती बिघडवण्याआधी विचारावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. त्यात एक उणीव मात्र राहिली. संमती मागायची ती समोर बसलेल्याची. पुढच्या स्थानकावर त्याच आसनावर येऊन बसणाऱ्याची नव्हे.

९/ मग मोटार आली आणि धूम्रपान तिच्या रचनेतच शिरले. डॅशबोर्डात राखदाणी, शेजारी सिगारेट पेटवायचा लायटर. आज ज्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर आपण मोबाईल चार्ज करतो, ती मुळात त्या लायटरची जागा! १९५२ मध्ये अमेरिकेत आरशाला टांगायचे सुगंधी कागदी झाड निघाले. आपल्याकडे धुपाटण्यात ऊद जाळण्याची रीत जुनीच आहे. दोन्हीकडे युक्ती एकच : वासावर वास.

१०/ ती का फसते, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. धुरातील निकोटिन आणि डांबरी द्रव्ये छताचे अस्तर, आसने, पट्टे, काचा यांवर बसतात. उन्हात गाडी तापली की ती पुन्हा हवेत येतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात असे दिसले की, पृष्ठभागावरचे निकोटिन हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक संयुगे तयार करते. धूम्रपान करणाऱ्याच्या वाहनाच्या आतील पृष्ठभागांवर ती संयुगे प्रत्यक्ष सापडली. म्हणजे प्रश्न केवळ नाकाला न रुचणाऱ्या वासाचा नाही.

११/ कायदाही पुढे सरकला. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी आणि सार्वजनिक वाहनांत धूम्रपानास मनाई केली. २००३ चा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम त्यानंतरचे. एसटी त्यांच्या कक्षेत येते, खासगी मोटार येत नाही. इंग्लंडने १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ वर्षांखालील मूल सोबत असताना खासगी गाडीतही धूम्रपान बेकायदा ठरवले.

१२/ वास घालवायचा तर हुक्केवाल्याचा धडा गिरवावा : थर काढावा.
• राखदाणी रिकामी करून धुवावी. आसने व गालिचे व्हॅक्यूमने साफ करावेत.
• निकोटिन अल्कधर्मी असते, म्हणून पाण्यात पांढरे व्हिनेगर मिसळून काचा व प्लास्टिक पुसावे.
• छताचे अस्तर ओलसर फडक्याने हलकेच टिपावे. फार भिजल्यास ते सुटून लोंबते.
• आसनांवर कोरडा खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवावा, सकाळी व्हॅक्यूमने काढावा.
• एसीचा केबिन फिल्टर बदलावा. तो जुनाच राहिला तर वास पुन्हा येतो.
• दारे उघडी टाकून गाडी उन्हात ठेवावी. हे सारे एकदा करून भागत नाही.
ओझोन यंत्र वापरायचे तर गाडीत कोणी असू नये आणि नंतर ती पूर्ण हवेशीर करावी. ओझोन फुप्फुसांना घातक असतो.

१३/ १८९० च्या कायद्याने सहप्रवाशाला विचारायला सांगितले. विजापूरहून निघालेल्या धुराने मात्र नेहमीच नंतर येणाऱ्यालाही गाठले, आणि त्याला कोणीच विचारले नव्हते. पेठ नाक्यावर प्रश्न विचारणारे ते मूल असाच एक सहप्रवासी आहे. फक्त तो गाडीत उशिरा बसला. जुनी गाडी विकण्यापूर्वी ती घासूनपुसून देणे, आणि त्याआधी गाडीत सिगारेट न पेटवणे, ही त्याची संमती मागण्याचीच रीत आहे.

थ्रेड येथे संपला. आपल्या भागातील जुन्या गुडगुड्या, चिलमी किंवा रेल्वे डब्यांतील जुन्या सूचनाफलकांची छायाचित्रे असतील तर खाली जरूर जोडा. 🙏